मूळ कागद कपाटात

सरकारी भरतीत अधिपरिचारिका म्हणून निवड झालेली माझी एक विद्यार्थिनी कागदपत्र पडताळणीला जाऊ शकली नाही. तिची दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं आमच्या संस्थेच्या कपाटात कुलूपबंद होती. त्या गोष्टीचा संताप अजून उतरलेला नाही.

मी तेव्हा एका खासगी रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयात पाठ्यनिर्देशिका होते. जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स, मुली बहुतेक जत-आटपाडीकडच्या. रुग्णालयाने स्टाफ नर्सची जाहिरात काढलेली मला कधी आठवत नाही. काढायची गरजच नव्हती. साध्या वॉर्डात 5 रुग्णांमागे एक परिचारिका हा निकष आम्ही वर्गात शिकवायचो, आणि रात्री 30 खाटांच्या वॉर्डात एक स्टाफ नर्स व दोन विद्यार्थिनी असायच्या. पास झालेल्या बॅचला बाँड. नोकरी इथेच करायची, नाहीतर दीड लाख भरायचे. भारतीय परिचर्या परिषदेने 2011 सालीच अशा बाँडला मनाई केली होती.

तर ही मुलगी. निवड यादीत नाव आलं तेव्हा हॉस्टेलभर पेढे वाटले तिने. दुसऱ्या दिवशी वडील पहाटेच्या एसटीने आले. ऑफिसात त्यांना कुणी बस म्हणालं नाही. क्लार्क फाईल बघत राहिला आणि म्हणाला, "बाँड मोडायचा तर आधी पैसे." वडिलांनी पिशवीतून फीच्या पावत्या काढल्या, तिन्ही वर्षांच्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. त्या कुणी बघितल्याही नाहीत. मी प्रशासकांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, शिकवायचं आम्ही आणि तयार मुलगी सरकारने न्यायची?" मी म्हणाले, फुकट शिकवलं नाही आपण, फी घेतली, वर रात्रपाळ्या करून घेतल्या. किमान पडताळणीपुरते तरी कागद द्या, मी सही करून नेते आणि परत आणते. नाही म्हणजे नाही. बाहेर मुलगी विचारत होती, "मॅडम, झेरॉक्स चालणार नाही का हो?"

झेरॉक्स चालत नाही. मुदतवाढ मागितली, मिळाली नाही. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली आणि ही त्याच वॉर्डात बारा हजारांवर रुजू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सांगितलं होतं की 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20 हजारांहून कमी देऊ नये. आमचं रुग्णालय त्याहून कितीतरी मोठं होतं. माणसं मिळत नाहीत, नर्स टिकत नाहीत, अशी ओरड करणाऱ्या संस्थांनी आधी हा हिशेब मांडावा. पगार नीट दिला तर कागद अडवून ठेवावे लागत नाहीत.

आता मी दुसरीकडे मेट्रन आहे, मुलाखती घेते. परवा एका प्रथम श्रेणीच्या मुलीला विचारलं, 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचं, मिलीला 20 थेंबांचा सेट आहे, तर मिनिटाला किती थेंब? तिला सांगता येईना. तिच्या कॉलेजचं रुग्णालय बहुतेक कागदावरच होतं. माझी ती मुलगी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बेचाळीस थेंब अचूक लावायची, तेही मध्यरात्री. ते तिला त्याच वॉर्डाने शिकवलं. त्या संस्थेचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, आणि तिथून शिकलेल्या मुलीचा अर्ज आला की तो मी गठ्ठ्यातून आधी उचलते. रुग्णाच्या उशाशी शिकलेली मुलगी मला हवीच असते.

मुलींना नर्सिंगला घालणाऱ्या आईवडिलांना मात्र हात जोडून सांगते. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासून झाले की समोर उभं राहून परत मागा. ठेवून घेतलेच, तर प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली, सही-शिक्क्याची पोच घ्या. आणि बाँडवर सही करू नका.