शून्य ते दहाच्या पलीकडे

वेदनेपुढे भाषा थिटी पडते, असे साहित्यचर्चेत वारंवार म्हटले जाते. आम्हांस मात्र अलीकडे वाटू लागले आहे, की थिटा पडतो तो बहुधा प्रश्न.

मुरुडला राहणारी आमची आत्या पंचाहत्तरी ओलांडलेली, मधुमेह जुना. एका डॉक्टरांनी तिला विचारले, “शून्य ते दहापैकी किती दुखतं?” ती म्हणाली, “आकड्यात कसं सांगू? चपला घातल्या तरी तापलेल्या वाळूत उभी असल्यासारखं वाटतं. रात्री मुंग्या येतात. मधेच शिंगाळ्याचा काटा लागावा तशी सणक जाते.” कागदावर उतरले ते एवढेच: पाय दुखणे, वयोमानानुसार.

वास्तविक आत्याच्या उत्तरात निदानाची निम्मी वाट होती. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली मॅकगिल प्रश्नावली सिद्ध केली, तिचा पाया रुग्णांची विशेषणे हाच: 78 शब्द, 20 गट. फ्रान्समध्ये 2005 साली तयार झालेली ‘डीएन4’ चाचणी तर दहाच गोष्टी पाहते. आग, झोंबणारा गारवा, विजेसारखा झटका, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज ही सात लक्षणे विचारायची. स्पर्श आणि टोचणी कमी जाणवते का, हलका ब्रश फिरवल्यास दुखते का, हे तपासायचे. चार किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली, तर वेदना मज्जातंतूंची असण्याचा संभव मोठा. नेहमीच्या वेदनाशामकांचा तिथे फारसा उपयोग होत नाही. उपयोगी औषधांनी म्हाताऱ्या माणसास गुंगी येऊन तोल जाऊ शकतो. म्हणून नेमके निदान हवे.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तिच्या तळव्याला टेकवला. कित्येक ठिकाणी तिला तो कळलाच नाही. जो पाय रात्रभर जळतो तोच बधिर असतो, हा विरोधाभास आम्हांस कोणत्याही अलंकारशास्त्रात भेटला नव्हता. खडकावर कालवे काढायला अनवाणी जाणाऱ्या बायांच्या गावात त्याचा अर्थ उघड आहे: शिंपल्याने कापलेले कळणार नाही, जखम चिघळेल, पाय गमवावा लागेल.

आग, कळ, ठणका, सणक, चमक, मुंग्या हे आपल्या भाषेत समानार्थी शब्द नाहीत. ज्यांची वाचा स्मृतिभ्रंशाने गेली, त्यांच्या बाबतीत श्वास, कण्हणे आणि चेहराच वाचावा लागतो. ज्यांच्यापाशी शब्द आहेत, त्यांचे शब्द तरी जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

आत्या आता घरातही चपला घालते, आणि निजण्यापूर्वी आरसा धरून तळवे पाहते.