नांदेड-लातूर वाटेवरचा जुना हिशेब

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ दिसतं. पुढे लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. तिथे सोळा रस्ते जिला येऊन मिळतात ती गंजगोलाईची बाजारपेठ. हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या लढ्याचा हा नेता वाटेच्या एका टोकाला नावानिशी उभा आहे. दुसऱ्या टोकाचं लातूर हे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याचं गाव. इथेच तो वकिली करी. त्याचं स्मारक कुणी मागणार नाही. पण त्याच्या करणीचा दंड ज्यांनी भरला, ती मुसलमान कुटुंबं मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत क्वचितच येतात. हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’, 17 सप्टेंबर 1948 ला संपली, त्यानंतर नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे ठरवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. संस्थानभर निदान 27 ते 40 हजार माणसं मेली, हा समितीचा अंदाज. लातूरच्या, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या या पेठेत दहाएक हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे परागंदा.

रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, त्याचाच हा बदला, असं म्हटलं जातं. अत्याचार खरेच होते. समितीनेही ते नाकारले नाहीत. पण बदला दोषींवर उगवला असता तर हिशेब वेगळा दिसला असता. खुद्द निजाम 1950 मध्ये राजप्रमुख झाला. त्याचा पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचला. रझवीला निदान खटला मिळाला, आणि 1957 मध्ये सुटून तोही कराचीला गेला. गोलाईतल्या दुकानदाराला यातलं काहीच मिळालं नाही. मुसलमान सगळे निजामाचेच, हाही युक्तिवाद टिकत नाही. विलीनीकरणाची बाजू घेणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत मारला गेला, आणि लायक अलींच्या मंत्रिमंडळात बी. एस. व्यंकटराव हे दलित पुढारी होते. निष्ठा धर्माने वाटलेली नव्हती. शिक्षा मात्र धर्म पाहूनच झाली. तीही सगळीकडे नव्हे: आपल्याच धंद्यातल्या मुसलमानांना वाचवायला हिंदू काही ठिकाणी हिंदूंशीच लढले, हेही त्याच अहवालात आहे. तो अहवाल मात्र सरकारने कित्येक दशकं दाबून ठेवला.