दर्यापूरहून दर्याकडे

दर्यापूरच्या नावात दर्या आहे. परंतु त्या गावातून कोणत्याही दिशेला शंभर कोस गेले तरी समुद्र भेटत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात वाढलेल्या आम्हा वऱ्हाडी माणसांना खारे पाणी परिचयाचे असते ते विहिरीतले: तहान न भागविणारे, डाळ शिजू न देणारे, घागरीच्या बुडाशी पांढरा थर धरणारे. त्यामुळे हौसेने पाहायला जावे असे खारे पाणीही जगात असते, याचे नवल आमच्या घरी लहानांइतकेच थोरांनाही होते. नाताळच्या सुटीत मुलांना एकदा समुद्र दाखवून आणावा, असे अमरावती-अकोल्याच्या घराघरांत दरवर्षी ठरते. यंदा आपल्याही घरी ठरत असेल, तर एवढेच सांगणे आहे: बेत आखताना रेल्वेचे वेळापत्रक नंतर उघडा. आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहा.

ठिकाण म्हणून मी अलिबाग सुचवीन. मुंबईत उतरल्यावर एका दिवसात जाऊन येण्याजोगा, होडीचा प्रवास घडविणारा आणि भर समुद्रात किल्ला दाखविणारा दुसरा किनारा मला ठाऊक नाही. अमरावतीहून संध्याकाळी निघणारी मुंबईची गाडी बडनेरा, अकोला करीत पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तेथून गेटवे ऑफ इंडिया दोन-अडीच किलोमीटरवर आहे. गेटवेहून मांडव्यापर्यंत बोट सुमारे तासाभरात नेते, आणि मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. बहुतेक बोटींच्या तिकिटातच या पुढल्या बसचे भाडे धरलेले असते. पावसाळ्यात गेटवेच्या या फेऱ्या बंद असतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून पुष्कळजण स्वतःची मोटार काढतात. मोटार जरूर काढावी, पण रात्रभर चाक हाती धरून सकाळी थेट पाण्यात उतरण्याचा बेत करू नये. झोप न झालेल्या माणसाचा अंदाज रस्त्यावर चुकतो तसाच पाण्यातही चुकतो.

आता तिथीविषयी. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. दोहोंमध्ये साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, आणि या वेळा रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकतात. कोकणातील जुन्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती, सकाळी साडेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि दुपारी साडेचारच्या पुढेमागे पुन्हा भरती. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असते. त्या दिवसांत पाणी फार दूर ओसरते आणि तितकेच जोराने परतते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही, तसे पुरते ओसरतही नाही.

अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा किल्ला (मुंबईतला कुलाबा निराळा) पाहायचा असेल तर हा हिशेब फार उपयोगी पडतो. किल्ल्याचे काम शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात सुरू झाले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि चहूकडे समुद्र असूनही गोड्या पाण्याचा साठा आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने तो मुद्दाम पाहावा. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत पायी किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीत वाट पाण्याखाली जाते. पहाटे मुंबईत उतरणाऱ्या कुटुंबाला अलिबागला पोहोचेपर्यंत नऊ-सव्वानऊ होतात. तेव्हा पंचमी-षष्ठीचा दिवस सोयीचा. पाणी उतरत असतानाच वाटेला लागावे आणि ओहोटीचा तळ गाठल्यानंतर तासाभराच्या आत किनाऱ्यावर परतावे. पाऊणपटीचा हिशेब घरी बेत आखण्यापुरता आहे. प्रत्यक्ष वाळूवर पाय ठेवण्यापूर्वी त्या दिवसाची नेमकी वेळ तेथील घोडागाडीवाल्यांना किंवा कोळ्यांना विचारावी, आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नये.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याला कारण आहे. मी नऊ वर्षांचा असताना आमचे सारे घर अलिबागला गेले होते. तिथी कोणी पाहिली नव्हती. किल्ल्यात दर्शन झाले, दशम्या सोडल्या, आजी जरा टेकली. आणि बाहेर येऊन पाहतो तो येतानाची ओली वाळू नाहीशी झाली होती. मोठे बाबा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले, काठावरून सूर मारणारे. गुडघाभर पाण्याचे त्यांना काय भय! "पानी वाढून राह्यलं, चाला लवकर," एवढे म्हणून त्यांनी मला खांद्यावर घेतले आणि ते निघाले. निम्म्या वाटेवर पाणी कमरेला लागले. पण घाबरवले ते खोलीने नव्हे, ओढीने. पाणी समोरून येत नव्हते, बाजूने पाय खेचत होते. आजीचे नऊवारी भिजून इतके जड झाले की तिला पाऊल उचलवेना. शेवटी किनाऱ्यावरून एका घोडागाडीवाल्याने गाडी पाण्यात घातली आणि आजीला व आम्हा मुलांना वर ओढून घेतले. मोठे बाबा गाडीचा कठडा धरून चालत आले. परतीच्या गाडीत अकोला येईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

विहिरीच्या पाण्याला खोली असते, ओढ नसते. म्हणून विहिरीत, डोहात किंवा तरणतलावात उत्तम पोहणाऱ्याने समुद्रात स्वतःला नवशिका समजावे. मुलांनी गुडघ्यापलीकडे जाऊ नये, आणि प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर असावा. 'सगळे बघताहेत' याचा अर्थ कोणीच बघत नाही असाच पुष्कळदा होतो. लाटा फुटत असताना मध्येच एखादी शांत, गढूळ पट्टी दिसते. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावरचे पाणी अनेकदा तेथूनच वेगाने आत परतत असते. त्या ओढीत कोणी सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक मारावी, आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. पाहणाऱ्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. दोर, फुगवलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी कॅन, हाती लागेल ते फेकावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची रीत आपल्याकडे अजून दिसते. ती घातक आहे. श्वास चालत नसेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवरील दाब यांत एक क्षणही दवडू नये. त्यासाठी घरातील एकाने तरी आधी शिकून घेतलेले बरे.

ऊन हे आमचे जुने दुखणे, त्याची आम्हाला सवय आहे, असे वऱ्हाडी माणूस अभिमानाने सांगतो. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणाऱ्याला किनाऱ्यावरचे तीस-बत्तीस अंश ते काय! परंतु आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम येतो न येतो तोच वाळतो आणि अंग निवते. किनाऱ्यावर हवा मुळातच दमट असते. घाम वाहत राहतो, वाळत नाही, आणि अंग आतून तापत जाते. मुले चिडचिडी झाली, डोके दुखू लागले, मळमळले, की सावलीत आणून पाणी द्यावे. जलसंजीवनीची दोन पाकिटे जवळ असावीत. उलट, वारा सुखाचा असल्याने त्वचा भाजत असल्याचे कळत नाही. वाळूवरून आणि पाण्यावरूनही ऊन परतते. टोपी व पूर्ण बाह्यांचा सुती सदरा यांना पर्याय नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. खेळताना मुलांच्या पोटात चार घोट गेले तर उलटी होणे नवलाचे नाही, आणि त्यानंतर तहानही अधिक लागते.

बोट लागू नये म्हणून पोट रिकामे ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. बोटीच्या मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे, मोबाइलकडे नव्हे. किल्ल्याच्या वाटेवरचे खडक शेवाळलेले असतात आणि त्यांना चिकटलेली कालवे पात्यासारखी कापतात. पायात पट्ट्याची घट्ट पादत्राणे हवीत. जखम झालीच तर ती स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवावी. घरात मासे खाण्याची सवय नसेल तर मुलांना काटे काढून थोडेसेच द्यावे. कोळंबी-खेकड्यांचा प्रयोग परतीच्या प्रवासाच्या दिवशी नकोच. सोलकढी मात्र सर्वांनी प्यावी.

आजी-आजोबा बरोबर असतील तर लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कल्याण-डोंबिवलीला आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी असतेच; एक रात्र त्यांच्याकडे टेकावे. गुडघे दुखणाऱ्यांनी जाताना-येताना दोन्ही वेळा घोडागाडीच करावी. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि इन्सुलिन उन्हात राहू देऊ नये. दुपारी दोनपर्यंत अलिबाग सोडले तर बोट, चहा आणि रात्रीची परतीची गाडी हे सारे धावपळीवाचून जमते. वाळूवर आणखी तासभर राहू या, असा हट्ट त्या वेळी हमखास होतो, बहुधा थोरांकडूनच.

आमच्या त्या सहलीहून मी एका बाटलीत समुद्राचे पाणी भरून आणले होते. घरी आल्यावर आजीने त्यात बोट बुडवून जिभेला लावले, अंगणातल्या विहिरीकडे पाहिले आणि म्हणाली, "हे आपल्याहून खारं हाय, बाप्पा." त्यानंतर दरवर्षी नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली, की मोठे बाबा डिसेंबरचे पान उलटून वद्य षष्ठी कोणत्या वारी येते ते पाहत. गावातून कोणी समुद्राला निघाले, की आधी त्यांच्याकडे येत असे.