मागणी तसा पुरवठा

निवृत्त माणसाला समाजसेवेची तहान लागते ती समाजाचं दुःख पाहून, असा एक गोड समज आहे. माझ्या अनुभवानं सांगतो, ती तहान स्वयंपाकघरात लागते. 31 मे 2023 रोजी, वयाची 58 वर्षं पूर्ण करून, मी सरकारी नोकरीतून बाहेर पडलो. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ज्या दिवसापासून माणसाला किती वाजले हे बघण्याचं काही कारण उरत नाही, नेमक्या त्याच दिवशी त्याला घड्याळ देण्याची प्रथा कुणी पाडली, देव जाणे!) पहिला आठवडा मी हिच्या मागे उभं राहून फोडणीचं निरीक्षण केलं. दुसऱ्या आठवड्यात फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून त्यांना नंबर दिले. तिसऱ्या आठवड्यात ही शांतपणे म्हणाली, "अहो, आता जरा देशाचं बघा."

मी देशाचं बघायला बाहेर पडलो. पण ठाण्यासारख्या शहरात देशाचं बघणारे आधीच इतके आहेत, की देशाला तोंड लपवायला जागा नाही. सोसायटीच्या कमिटीत जावं म्हटलं, तर आमचे सेक्रेटरी गेली बारा वर्षं राजीनामा खिशात घेऊन हिंडताहेत आणि तो खिसा काही उघडत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात गेलो, तर तिथल्या चिटणिसांनी जन्मतारीख विचारली आणि म्हणाले, "अजून दोन वर्षं आहेत. साठ पूर्ण झाल्याशिवाय ज्येष्ठ नाही." म्हणजे सरकारला मी म्हातारा आणि म्हाताऱ्यांना मी पोर! एका रविवारी वृक्षारोपणाला गेलो. एक रोप होतं आणि त्याला हात लावायला अकरा जण होतो. शिवाय फोटोग्राफर. फोटोत माझं कोपर आलं आहे.

अशा अवस्थेत माझी एक पुतणी आली. ती कॉलेजात शिकवते. तिनं विचारलं, "काका, तुम्हाला मोठ्यानं वाचता येतं का?"

"छत्तीस वर्षं फाइली वाचल्यात."

"मग काहीही वाचाल," ती म्हणाली. "आमच्याकडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगा आहे. अर्थशास्त्र घेतलंय. दिसत नाही त्याला. वाचून दाखवायला माणूस हवाय."

मुलगा कळव्याहून लोकलनं एकटा यायचा. हातात पांढरी काठी, पाठीला सॅक, आणि बोलणं एखाद्या मुरलेल्या हेडक्लार्कसारखं मुद्द्याचं. मी मनातल्या मनात एक छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं, जिद्द वगैरे शब्द असलेलं. ते काढायची त्यानं संधीच दिली नाही. नमस्कार झाल्याबरोबर म्हणाला, "काका, तुम्ही किती दिवस येणार, तेवढं आधी सांगा. म्हणजे त्या हिशेबानं धडे लावतो."

मी जरा चपापलो. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, गाड्यांचं टाइमटेबल सांगावं तसं. पहिल्या वर्षी एक गृहस्थ यायचे, ते पाऊस सुरू झाल्यावर थांबले. मग एक ताई आल्या, त्यांची बदली झाली. एक जण पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर फोटो काढून गेले, ते परत दिसलेच नाहीत. परिणाम असा, की एका पेपरचे शेवटचे तीन धडे तसेच राहिले आणि विषय सुटला नाही. "लोक चांगले असतात हो," तो म्हणाला, "पण शेवटचे धडे नेहमी राहतात."

"परीक्षेपर्यंत येईन," मी म्हटलं.

"कुठल्या?" त्यानं विचारलं. कारण बी.ए.नंतर त्याला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या.

मी त्याला त्या दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागलो.

आता चाणाक्ष वाचक विचारील, की आजकाल मोबाइल बोलतो, संगणक बोलतो, मग या काकांची गरज काय? हाच प्रश्न मीही मास्तरांना विचारला. त्यांनी खिशातून फोन काढून मला ऐकवला. चिवड्याच्या कढईत मोहरी उडावी तसा आवाज आला. तो मराठीतला अग्रलेख होता. मास्तर तो त्या वेगानं ऐकत होते! घरी संगणकावर त्यांच्याकडे एनव्हीडीए नावाची फुकट मिळणारी प्रणाली होती. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी 2006 साली तिचं काम सुरू केलं. पण ही यंत्रं अडतात कुठे, तर अस्सल मराठी ठिकाणी. आपल्याकडच्या कित्येक नोट्स जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना त्या देवनागरी दिसतात, यंत्राला मात्र आत भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सापडतात, आणि ते बिचारं प्रामाणिकपणे ती वाचत सुटतं. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर यंत्र गप्पच बसतं. आणि प्राध्यापकांच्या हस्ताक्षरातल्या नोट्स! तिथे जगातलं कुठलंही यंत्र चालत नाही. तिथे छत्तीस वर्षं वरिष्ठांचे शेरे वाचलेला माणूसच लागतो. माझ्या नोकरीचा देशाला झालेला हा पहिला थेट उपयोग.

वाचायचं कुठे हा मोठाच प्रश्न होता. ठाण्यात 1893 सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण ग्रंथालयात शांतता पाळायची असते आणि आमचा तर सगळा धंदाच आवाजाचा. आमच्या घरी हिच्या मालिका. शेवटी तलावपाळीवरचा एक बाक ठरला. रोज संध्याकाळी पाच वाजता.

उघड्यावर मोठ्यानं वाचणाऱ्या माणसाभोवती महाराष्ट्रात काय होतं, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी दोन पेन्शनर येऊन बसले. चौथ्या दिवशी पाच झाले. एक आजीबाई कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन येत, आमच्या बाकाशी थांबत आणि हात जोडून 'सीमांत उपयोगिता ऱ्हासाचा सिद्धांत' ऐकत. एका गुरुवारी त्यांनी पुस्तकापुढे दोन केळी ठेवली. मास्तरांनी लगेच उदाहरण घेतलं: पहिलं केळं खाताना जितकं समाधान, तितकं दुसरं खाताना नाही. आजी म्हणाल्या, "खरं आहे बाबा, हाव वाईट." सिद्धांत इतक्या कमी शब्दांत कुठल्याही क्रमिक पुस्तकात मी वाचलेला नाही. शेंगदाणेवाल्याला तर मागणीचा नियम शिकवायची सोयच नव्हती. पुडी दहाची पंधरा केली तेव्हा किती गिऱ्हाईक तुटलं, हे तो उलट आम्हालाच सांगू लागला.

पण खरी अडचण आली आकृत्यांची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात दर दोन पानांनी लेखक 'आकृतीत दाखविल्याप्रमाणे' असं म्हणून मोकळा होतो. आल्फ्रेड मार्शल हा फार सज्जन माणूस. 1890 साली आपला मोठा ग्रंथ छापताना त्यानं मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या तळटिपांत ठेवल्या. पुढच्या मंडळींनी त्या उचलून वर आणल्या आणि मजकूर खाली ढकलला. आता वक्र वाचून कसा दाखवायचा? "मास्तर, ही रेघ डावीकडून वरून निघते आणि उजवीकडे खाली येते," असं मी म्हणायचो. मास्तर म्हणायचे, "सरळ येते, का पोट काढून?" तटस्थता वक्राला आरंभबिंदूच्या दिशेनं पोट असतं, आणि परीक्षेत नेमकं ते पोट विचारतात.

हे मी घरी जेवताना सांगितलं. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर कपड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं त्यावर फेविकॉलनं सुतळी चिकटवली होती. "हा तुमचा मागणीचा," ती म्हणाली, "आणि पुरवठ्याचा वेगळा कळायला हवा ना हाताला? म्हणून शेवया." मास्तरांनी त्या संध्याकाळी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. सुतळीवरून खाली आले, शेवयांवरून वर गेले, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे बोट ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "अच्छा! समतोल म्हणतात तो हा होय!" तीन वर्षं हा शब्द ते पाठ म्हणत होते.

त्यानंतर आमच्या घराचा अर्थशास्त्र विभाग हिनं ताब्यात घेतला. आकृत्यांवर नावं हवीत म्हणून ती मास्तरांकडून ब्रेल शिकली. ब्रेलची सगळी सृष्टी सहा ठिपक्यांत आहे, हे ऐकून तिला आधी हसूच आलं. "सहा ठिपक्यांत आमचं साधं कमळ होत नाही!" पण त्या सहांतून 63 आकार निघतात आणि लुई ब्रेलनं ही लिपी 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी बसवली, हे कळल्यावर तिनं कानाला हात लावला. भारतीय भाषांसाठी 1951 पासून एकच भारती ब्रेल आहे. तिच्यात ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या नंतर येते, म्हणजे जशी उच्चारतो तशी. ब्रेलची पाटी आणि टोच्या घेऊन लिहायचं असतं उजवीकडून डावीकडे, उलटं. कागद फिरवला की सुलटं होतं. मला यात चक्कर यायची. हिला काही वाटलं नाही. "भरतकामाची मागची बाजू," एवढंच म्हणाली. शेवयांना मुंग्या लागल्या तेव्हा पुरवठा वक्र काही दिवस हलता होता, पण तिनं तो लोकरीचा केला.

जुलैमध्ये एका दिवशी पाऊस असा कोसळला, की लोकल ठप्प. ही म्हणाली, "आज कुठे जाता?" पण पाच वाजायला आले की पाय आपोआप निघत. तलावपाळीवर मी, छत्री आणि एक कुत्रं. बरोबर पाच वाजता फोन वाजला.

"काका, गाड्या बंद आहेत. मला नाही जमणार. तुम्ही बाकावर आहात?"

"आहे."

तो काही क्षण काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग वाचता का? मी रेकॉर्ड करतो."

मी छत्रीची दांडी खांद्यात धरली आणि बेकारीचे प्रकार वाचायला घेतले. हंगामी बेकारी झाली. संरचनात्मक झाली. मग प्रच्छन्न बेकारी आली. एखाद्या कामावर गरजेपेक्षा जास्त माणसं असतात. वरून सगळी कामात दिसतात. पण त्यातला एखादा काढून घेतला तरी उत्पादनात काहीही घट होत नाही. त्याला म्हणायचं प्रच्छन्न बेकार. समोर तलावात पाऊस पडत होता. मला उंचीप्रमाणे लावलेले डबे आठवले. त्या रोपाभोवतीचे अकरा जण आठवले.

"काका? थांबलात का?"

"पान चिकटलंय ओलं होऊन," मी म्हटलं आणि पुढे वाचलं.

परीक्षा जवळ आली, तसा मी मास्तरांना म्हटलं की लेखनिक मीच होतो. माझं अक्षर हा आमच्या कचेरीचा अभिमान होता. पण तेव्हा लागू असलेल्या 2018 च्या केंद्राच्या सूचना दाखवण्यात आल्या. उमेदवारानं स्वतःचा लेखनिक आणला, तर तो उमेदवारापेक्षा शिक्षणात एक पायरी खाली हवा. मी पदवीधर! आयुष्यात पहिल्यांदाच माझं शिक्षण कुणाला तरी जास्त वाटलं. इंटरव्ह्यूला कुठे ही अडचण कधी आली नव्हती. मग शेजारच्यांची बारावी झालेली मुलगी पुढे आली. तिला लिहिण्याची सवय व्हावी म्हणून बाकावर महिनाभर सराव चालला. मास्तर सांगणार, ती लिहिणार, आणि मी सुपरवायझर म्हणून तलावाकडे तोंड करून बसणार. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. एवढा वेळ सतत बोलून मास्तरांचा घसा बसायचा आणि लिहून हिचा हात. आजीबाईंनी एकीला तेल दिलं आणि दुसऱ्याला खडीसाखर.

मास्तर पास झाले, राहिलेल्या विषयासकट. पेढे घेऊन आले, तेव्हा सॅकमध्ये बँकेच्या परीक्षेचं पुस्तक होतंच. "तर्कशक्तीत आकृत्या फार आहेत, काकू," ते हिला म्हणाले. हल्ली ते मला वाचण्याबद्दल धन्यवाद देतात आणि सल्ला हिचा घेतात.

आता त्यांच्याच ओळखीनं आणखी एक विद्यार्थिनी येऊ लागली आहे. तिचा विषय भूगोल. मास्तर पाचला आणि ती सहाला, अशा दोन पाळ्या लागल्यात. पेन्शनर मंडळी दोन्ही पाळ्यांना बसतात. काल रात्री झोपायला गेलो, तर ही अंधारात छताकडे बघत पडली होती.

"अहो," ती म्हणाली, "कोकणाचा किनारा लोकरीचा होईल. पण सह्याद्री कशाचा करायचा?"

"कणकेचा?"

"वाळली की तडे जातात." थोडा वेळ गेला. "भाकरीच्या पिठाला तर त्याहून जातात. उद्या जरा पाच किलो शाडू आणाल?"