माशीमांचं देणं

१९९३ साली बँकेच्या बदलीने मी कलकत्त्याला गेलो. श्यामबाजारच्या आमच्या घरमालकीणबाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना माशीमा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या नातवाला झोपवताना जी अंगाई गात, तिच्यात बर्गी येत. हे बर्गी म्हणजे रघूजी भोसल्यांचे स्वार. आमच्या शाळेत बंगालच्या स्वाऱ्या पराक्रमाच्या धड्यात होत्या. जळलेली गावं आणि लुटलेली माणसं मला ठाऊक नव्हती. माशीमांनी ते सारं आवाज न चढवता सांगितलं. १९४२च्या डिसेंबरात कलकत्त्यातल्या हातीबागानवर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा त्या शाळकरी होत्या. "भीती काय असते ते मी पाहिलंय, बाबा. म्हणून बर्गींच्या वेळच्या आया मला कळतात," त्या म्हणाल्या.

बागबाजारातली 'मराठा डिच लेन' त्यांनीच दाखवली. मराठ्यांच्या भयाने १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीन मैल झाला, मराठे आले नाहीत आणि काम थांबलं. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. मी रोज त्याच रस्त्याने ट्रामने कामावर जात होतो.

एका रविवारी त्या मला व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संग्रहालयात घेऊन गेल्या. इंग्रज सेनानी क्लाइव्ह तिथे संगमरवरात उभा. "हा तुमच्याकडूनच इकडे आला ना?" त्यांनी विचारलं. माझं गाव विजयदुर्गापासून जवळ. आंग्र्यांचं आरमार जळाल्याचं लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण फेब्रुवारी १७५६मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून ज्या क्लाइव्ह आणि इंग्रज आरमाराच्या वॉटसनने आमचा किल्ला घेतला, त्याच दोघांनी २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता परत जिंकलं आणि जूनमध्ये प्लासी झाली, हा धागा मला माशीमांनी जोडून दिला. पेशवे-आंग्रे या घरातल्या भांडणापायी आपण समुद्र गमावला आणि त्याची किंमत बंगालनेही मोजली, हे मला त्या दालनात उमगलं.

निवृत्तीनंतर मी गावी परतलो. किल्ला बघायला येणाऱ्यांना आंग्र्यांची शर्थ सांगतो, तशी ती अंगाईही सांगतो. नुसत्या पुस्तकांच्या भरवशावर हे माझ्याकडून झालं नसतं.

माशीमा आता नाहीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचं नाव अलीकडे विजयदुर्ग झालं, ते त्यांना सांगायचं राहिलं. तुम्ही तिकडे गेलात तर कालीघाट, दक्षिणेश्वर कराच. पण सेंट जॉन चर्चच्या आवारातली वॉटसनची कबर आणि बागबाजारची ती गल्लीही पाहून या.