सोपाऱ्याच्या बाबांचं देणं

मला स्तूप पाहायला शिकवलं ते बाबांनी. आमच्या नालासोपाऱ्याच्या चाळीतले शेजारी, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले, मूळचे रत्नागिरीकडचे. रक्ताचं नातं काही नाही. पण पुढे मी शिलालेखांच्या अभ्यासाला लागलो त्याची मुळं त्यांच्यापाशी आहेत, आणि हे ऋण अंगावर बाळगायला मला आवडतं.

रविवारी ते आम्हा पोरांना सोपारा गावात न्यायचे. त्या टेकाडाला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तेव्हा राजाचा वाडा निघाला नाही. विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. आजूबाजूला सोन्याची फुलं. सोन्याच्या करंडकात काय असेल असं बाबा विचारायचे, तेव्हा आम्ही हिरे-माणकं सांगायचो.

“खापऱ्या,” ते म्हणायचे. “मातीच्या भांड्याचे १३ तुकडे.”

त्या तथागतांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असं पंडितजींनी मानलं. बाबांना मात्र त्यापुढचं सांगायचं असे. हातात सोनं असलेल्या माणसांनी ते सोनं खापऱ्या सांभाळायला वापरलं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. आज वाटतं, माझ्या विचारांचा पाया त्या वाक्यात घातला गेला.

दगडी पेटीत तांब्याच्या करंडकाभोवती आठ मूर्ती होत्या. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. याचा अर्थ शेकडो वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, आतलं काही नेलं नाही, उलट आठ मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. त्या लोकांची नावं कुठे कोरलेली नाहीत. मला ती माणसं पंडितजींइतकीच थोर वाटतात. सोपारा हे भरभराटीचं बंदर होतं, तिथं सोनं-नाणं रोज हाताळलं जाई. तरीही त्यांची नियत ढळली नाही. आज हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

पंडितजींना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला होता. नवव्याचा तुकडा भुईगावात १९५६ साली सापडला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली, आणि बाबांच्या वडिलांनीही आपल्या घरी धम्म आणला. म्हणून भुईगावच्या त्या शिळेवर बाबांचा विशेष जीव. ती पाहायला ते मला मुंबईच्या संग्रहालयात घेऊन गेले. शिळेपुढे बराच वेळ उभे राहिले, हात जोडले.

परतीच्या लोकलमध्ये, विरारच्या गर्दीत, त्यांनी तिकिटाच्या पाठीमागे अधिकाचं चिन्ह काढलं.

“हा ब्राह्मीतला ‘क’. लिही.”

मी लिहिला. मग पुढच्या रविवारी ‘ग’, आणि असं करत सगळी मुळाक्षरं. पाटीवर गिरवून न्यायचो. चुकलेलं अक्षर बाबा ओल्या बोटानं पुसत आणि पेन्सिल पुन्हा माझ्याच हातात देत.