मागच्या रांगेसाठी

चेहरा एका बाजूनं रेखलेला, डोळा मात्र पुरता समोरचा. तोही केवढा! चित्रकथीच्या पानावर नजर आधी त्या डोळ्यांवरच जाते. मग जाड काळी रेघ, तिच्या आत भरलेला सपाट लाल, आणि मागं बरीचशी मोकळी जागा. काहीजण याला बाळबोध म्हणतात. मला वाटतं, ते फार जवळून बघतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजानं ही चित्रं भिंतीवर टांगायला काढलीच नव्हती. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयानं वाढलेली ही कला देवळात, रात्री रंगायची. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथेकरी रामायण-महाभारतातली आख्यानं गात एकेक चित्र समोर धरायचा. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. पान उलटलं की कथा पुढं सरकली.

म्हणजे हे चित्र दिव्याच्या उजेडात, खांबाआडून माना उंचावणाऱ्या माणसांना दिसायचं होतं. डोळा मोठा नसता तर मागच्या रांगेला रावणाचा राग कसा पोचला असता? आणि जागा मोकळी, कारण रान, वारा, सीतेचा आकांत गळ्यातून येणार होता. चितारणाऱ्यानं गाणाऱ्यासाठी जागा सोडली, असं मी समजते. तसा पुरावा कुठं लिहिलेला नाही. चित्रंच तसं सांगतात. शिवाय याच समाजात कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही नाचवल्या जात. चामड्याच्या बाहुलीची पडद्यावरची सावली बाजूनंच नीट ओळखू येते. चित्रातल्या त्या चेहऱ्यांची ओढ तिकडची असावी.

संग्रहालयातल्या पाट्या विषय सांगतात, माध्यम सांगतात, काळ सांगतात. समोर कोण बसलं होतं, ते बहुधा राहून जातं. दिवसभर शेतात राबून आलेले गडी, बायाबापड्या, कथा पाठ असूनही पुन्हा ऐकणारे म्हातारे, पेंगणारी पोरं. यांना वगळून चित्राचा हेतू सांगायचा तरी कसा?

पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांनी या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आता चौकटीतलं चित्रही लोक हौसेनं घरी नेतात. न्यावंच. फक्त ते सोफ्याच्या डोक्यावर लावू नये. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला लावावं, आणि कधीतरी दिवे मंद करून बघावं. जवळून ओबडधोबड वाटलेली रेघ तिथून बिनचूक बसते.